फोनांचा उपास

डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत कुणाला सहलीसाठी बस ठरवायची झाली की पहिला प्रश्न बसचा नसतो. सीट मागे जातात का, एसी थंड हवा देतो की नुसता घरघरतो, हे सगळं नंतर. आधी विचारतात, "सगुण येता मां?" सगुण येणार असेल तर मोडकी बससुद्धा चालते. तो येणार नसेल तर नव्या कोऱ्या बसमध्येही लोक पहिल्या वळणावर झोपतात आणि दुसऱ्या वळणावर ओकतात.

सगुण गवस मूळचा दोडामार्गाकडचा. बाप खाणीवर कामाला लागला म्हणून हे कुटुंब डिचोलीत आलं, आणि मिसरूड फुटल्यावर सगुणही खाणीच्या ट्रकवर चढला. पुढे खाणी बंद पडल्या. ट्रक ओळीने उभे राहिले, त्यांच्या चाकांत गवत उगवलं, आणि ड्रायव्हर मंडळी झाडाखाली पत्ते कुटत बसली. त्या दिवसांत सगुणाला कळलं की आपल्याला आणखी एक विद्या येते. तो मुकादमाची नक्कल करी, घाटात गिअर अडकलेल्या ट्रकचं रडगाणं गाई, आणि घरी चूल कशी पेटवायची या विवंचनेत असलेली माणसं पोट धरून हसत. त्यांच्यातल्याच गोकुळदासने नंतर मिनीबस घेतली आणि सगुणाला क्लीनर म्हणून बरोबर घेतलं. महिनाभरात क्लीनर माईक धरून उभा आणि मालक खाली उतरून काचा पुसतोय, अशी पाळी आली.

त्याच्याजवळ काय काय होतं ते सांगू लागलो तर दिवस पुरायचा नाही. भेंड्या तर सगळेच खेळवतात. सगुण मांद्र्याचा खोलीवाला परदेशी पाहुण्याला गळकी खोली दाखवताना काय बोलतो ते करून दाखवी. मोप्याच्या सड्यावर पहिलं विमान उतरलं तेव्हा तिथल्या म्हशी आपसांत काय बोलल्या, तेही त्याला ठाऊक. पण त्याचा हुकमी एक्का म्हणजे गाऱ्हाणं. देवळात गावाच्या वतीने एकजण देवाकडे मोठ्याने मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात, ते गाऱ्हाणं सगुण बसमध्ये घाली. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाचं पोट बिघडलंय, कुणाची सून उशिरा उठते, सगळं देवाच्या कानावर. "देवाची चेष्टा नको रे" असं म्हणणारे म्हातारेच 'व्हय म्हाराजा'ला सर्वांत मोठ्याने ओरडायचे. सगुणाचा मात्र एक नेम होता. गाऱ्हाण्यात थट्टा करायची, खोटं बोलायचं नाही. आणि घरी? घरी हा माणूस सकाळी दारात आलेल्या पोदेराकडे पावसुद्धा बोटांनी मोजून मागतो, तोंड उघडत नाही, अशी त्याच्या बायकोची तक्रार आहे.

तर हा सगुण गेल्या मार्गशीर्षात हळर्णच्या परबांची भावकी घेऊन निघाला. त्या दिवसानंतर तो बरेच आठवडे बसवर चढला नाही. का, ते सांगतो.

परबांची कुळदेवता घाटावर, गडहिंग्लजच्याही पलीकडे, डोंगरावर. डोंगराई म्हणतात तिला. हळर्णच्या वत्सलाआजीने तिला नवस बोलला होता. नातसुनेचं, क्षमाचं, मूल जगलं तर अख्खी भावकी घेऊन येईन, पोरीचं जावळ तुझ्या पायरीवर काढीन, तुझी ओटी भरीन. पोरगी झाली. सिद्धी. चार वर्षांची झाली, केस कमरेपर्यंत आले, जटा झाल्या, तरी नवस काही फिटेना. भावकी मोठी असली की हा त्रास असतोच. एकदा बस दारात आली आणि कुणी चुलत चुलता वारला, सगळ्यांना सुतक. पुढच्या वर्षी दिवस ठरला आणि एका पुतणसुनेचं बाळंतपण झालं, सगळ्यांना सोयर. त्यानंतर क्षमाचं दुसरं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं.

क्षमा शिकलेली, म्हापशात बँकेत नोकरीला. पण भीती काय डिग्र्या विचारून घरात शिरते? आपलं बाळ नवस राहिला म्हणून गेलं, हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. आता तिला पुन्हा पाचवा महिना होता. महिनाभराने डॉक्टरणीने प्रवासच बंद केला असता. रात्री ती दचकून उठायची, पोटावर हात ठेवून बसायची, आणि नवऱ्याला, रुद्रेशला, एकच विचारायची, "आपण जाणार ना रे? या वेळी तरी जाणार ना?" तिचं जेवण तुटलं होतं. घरात सगळ्यांना दिसत होतं की ही बस गेली नाही तर ही पोर हाताची जाणार.

वत्सलाआजी स्वतः सहा महिने अंथरुणावर. तिला सांभाळायला तिची सून, म्हणजे रुद्रेशची आई रुक्मिणी, घरी राहिली. बाकी सगळी भावकी बसमध्ये. वत्सलाआजीचा मुलगा, रुक्मिणीचा नवरा अनंत, घरचा कर्ता, पुढून दुसऱ्या रांगेत. त्याचा चुलता शांताराम काठी घेऊन त्याच्या शेजारी. क्षमा खिडकीशी, सिद्धी तिच्या मांडीवर. पहाटे निघाले, बांद्याला चहाला थांबले. सगळे उसळ-पावावर तुटून पडलेले असताना सगुणाचा फोन वाजला.

"सगुण, बाजूक कोण आसा?" रुक्मिणी विचारत होती.

"कोण नाय वहिनी. सांगा."

"म्हातारी गेली."

सगुणाच्या हातातला चहा तसाच राहिला.

"पेज भरवत होतंय," रुक्मिणी म्हणाली. आवाज कोरडा, घासल्यासारखा. "दुसरो घास घेवकच नाय. बघतंय तर मान कलंडली."

"मी अनंतदादाक बोलावतंय, थांबा..."

"नको! तेच्यासाठीच तुका फोन केलंय. बसमदी सगळी भावकी आसा. सुतक ऐकल्यावर लागता, सगुण. एकान ऐकला की सगळी बस विटाळली. मगे खंयची देवी आणि खंयची ओटी? तू भावकीतलो न्हय. तुका ऐकान काय लागाचा नाय. म्हणान तुका सांगतंय."

सगुणाने भिंतीकडे तोंड केलं. "आणि थंय तुमच्यासोबत कोण?"

"कोण नाय. दार ओढून घेतलंय. शेजारी कळला तर तासाभरात मुंबैपर्यंत फोन जातत. आवाजव काढूक नाय मी. उशागती दिवो लावलंय आणि बसलंय." ती थांबली. "माका फक्त कोणाचो फोन येवक देव नको. ह्यांचो इलो तर माज्यान खोटा बोलवचा नाय. तेंचो आवाज ऐकलंय की मी फुटतलंय. ओटी भरान परत येयसर तू सगळ्यांका सांभाळ. तुका जमता ता."

"वहिनी, पोटचो झील तो तिचो. ताका तरी..."

"तेंका सांगलंस तर ते पायरी चडाचे नाय. आणि क्षमाचा काय होतला, ता तूच बघ." फोन बंद झाला.

आता सगुणाचं एक सांगायला हवं, नाहीतर त्याला काय झालं ते कळायचं नाही. त्याचा स्वतःचा बाप वारला तेव्हा सगुण खाणीवर ट्रक चालवत होता. निरोप सकाळीच आला होता. पण मुकादमाने तो खिशात ठेवला, कारण एक ट्रक थांबला की मागची रांग थांबते. पाळी संपल्यावर सांगितलं. सगुण घरी पोचला तेव्हा चुलतभावाने अग्नी देऊन झाला होता. त्यानंतर त्या मुकादमाला बाजारात लांबून पाहिलं तरी सगुण गल्ली बदलायचा. शिव्या द्यायचा नाही, भांडायचा नाही, फक्त त्या माणसाचं तोंड बघायचा नाही. आणि आज देवाने त्यालाच मुकादम केलं होतं. दहा पावलांवर अनंतदादा पाव बुडवून खात होता आणि त्याला हाक मारत होता, "सगुण, तुजी उसळ थंड झाली रे!"

त्याला वाटलं, जावं आणि सांगून टाकावं. मोकळं व्हावं. मग त्याने क्षमाकडे पाहिलं. ती नुसता चहा घेऊन बसली होती आणि सिद्धीच्या जटांवरून हात फिरवत स्वतःशीच हसत होती. गेल्या कित्येक महिन्यांत तिला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. सगुणाने चहा ओतून टाकला आणि बसमध्ये चढला.

बस सुटली तशी त्याने माईक घेतला. घसा खाकरला. डोक्यात काहीच नव्हतं, नुसती रुक्मिणीवहिनी दिसत होती, दार ओढून बसलेली. आणि बसमध्ये तर हाताहातात फोन होते. कुणी सेल्फी काढतंय, कुणी नंबर लावतंय. मागच्या रांगेतून अंकिता, अनंतची पुतणी, म्हणालीच, "मोठ्या काकीक फोन करून सांगूया, बांदा सोडलंव म्हणान."

"थांबा!" सगुण ओरडला, इतक्या जोरात की गोकुळदासने ब्रेक दाबला. "आधी गाऱ्हाणा. हात जोडा सगळ्यांनी. हे आई डोंगराये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बस दणाणली.

"आज ही तुजी हळर्णची लेकरां वरसां वाट बघान तुज्या पायाकडे येतत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर आई, काल राती तू माज्या सपनात इलंस." बसमध्ये हशा पिकला. सगुण हसला नाही. "आणि माका सांगलंस, ह्या माझ्या लेकरांका माझ्यापेक्षा फोन लाडको. माझी ओटी भरीसर ह्या बसमधल्या कोणीव फोनाक हात लावचो नाय. फोनांचो उपास! जो मोडीत तेचा मागणा मी ऐकूचंय नाय. असा सांगलंस, म्हाराजा!"

या वेळी 'व्हय म्हाराजा' आलं नाही. शांतारामकाकांनी काठीवर हनुवटी टेकली आणि विचारलं, "सगुण, थट्टा करतंस की खराच सपनात इली?"

हसून 'थट्टा' म्हणायचं आणि सुटायचं, इतकं सोपं होतं. "खराच इली, काका," सगुण म्हणाला.

पहिला फोन क्षमाने दिला. धावतच आली म्हणा ना, पाचव्या महिन्यात, चालत्या बसमध्ये. मग सगळेच उठले. ओंकार म्हणून एक कॉलेजचा पोरगा कुरकुरत होता, त्याला काकांनी काठीचं टोक दाखवलं. पावांची रिकामी पिशवी होती, तिच्यात सगळे फोन गेले आणि पिशवी गोकुळदासच्या सीटखाली. गोकुळदास हळूच म्हणाला, "आज काय चावलां तुका?" सगुणाने पिशवी पायाने आणखी आत ढकलली. आयुष्यात पहिल्यांदा तो देवीच्या नावाने खोटं बोलला होता.

त्यानंतर जे सुरू झालं ते परब भावकी अजून विसरलेली नाही. भेंड्या झाल्या, नकला झाल्या, बायकांच्या बसल्या जागी फुगड्या झाल्या. आंबोलीच्या घाटात, जिथे लोक पोट आवळून डोळे मिटून बसतात, तिथे त्याने वळणागणिक एकेका घराचं बिंग फोडलं. कुणी गप्प झालं की तो धावत त्याच्यापाशी जायचा. गप्प बसलेला माणूस घरची आठवण काढतो, आणि घरची आठवण आली की फोन आठवतो. म्हणून तो एकालाही गप्प बसू देत नव्हता. झोपलेल्यांना उठवून नाचवत होता. पिशवीत कुणाचा फोन वाजला की ज्याचा फोन त्याच्या नावाने सगळ्यांनी आरडाओरडा करायचा, असा नियम त्याने काढला. फोन वाजून वाजून थंड होई आणि सगुणाचा शर्ट घामाने भिजे.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. त्याच्या निम्म्या गमतींत कुणी ना कुणी मरत होतं. सासू मरते आणि सून खोटं रडते. म्हातारा मरतो आणि तिरडीवर उठून बसतो. वर्षानुवर्षं हमखास हशा घेणाऱ्या या गोष्टी तोंडापर्यंत येत आणि तो त्या गिळत होता. उरलेल्या गमती आजऱ्यापर्यंतच संपल्या. मग त्याने स्वतःच्याच फजित्या सांगायला सुरुवात केली, खऱ्या, खोट्या, जशा सुचतील तशा. त्याच्या बायकोने ऐकल्या असत्या तर त्याला घरात घेतलं नसतं.

आजरा सोडल्यावर अनंत उठला. साधा सरळ माणूस, शेतात राबणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणाला, "सगुण, देवीचा सगळा खरा. पण आई आजारी आसा रे. एक फोन करतंय."

"दादा, उपास मोडतलो!"

"आईची चौकशी केल्यार खंयची देवी रागावतली?"

सगुणाने गाणं लावलं. अनंत उभाच. सगुणाने त्याला नाचायला ओढलं. अनंत दोन पावलं नाचला आणि पुन्हा म्हणाला, "एकच फोन." आणि मग क्षमाच म्हणाली, "सगुणमामा, करूया ना. आजीचाच तर नवस. बाबांका बोलूक दी."

सगळी बस 'व्हय, व्हय' म्हणाली. आता नाही म्हणणं म्हणजे संशयाला आमंत्रण. सगुणाने स्वतःचा फोन काढला. "माझो उपास सुटलेलोच आसा, मी पापी माणूस. मी लावतंय," असं म्हणून त्याने नंबर लावला. वाजत राहिला. तिने उचलू नये, अशी तो प्रार्थना करत होता. तिने उचलला.

"वहिनी!" सगुण तिला बोलू न देता ओरडला. "सगुण बोलतंय! स्पीकर चालू आसा, सगळी बस ऐकता हां! अनंतदादा विचारतत, आजी बरी आसा मां?"

मग रुक्मिणी बोलली. सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत बोलली.

"बरी आसत. पेज खावन निजली आसत."

अनंत फोनकडे वाकला. "निजली?"

"व्हय. शांत निजली आसत. तुमी जावन येवा."

अनंत हळूहळू सरळ झाला. मग म्हणाला, "बरा. निजू दी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, डोंगराईचा जयजयकार केला. सगुणाने फोन बंद केला. जिने 'माज्यान खोटा बोलवचा नाय' म्हटलं होतं, तिने मेलेल्या सासूच्या शेजारी बसून अख्ख्या भावकीला ऐकवलं होतं.

त्यानंतर अनंत पुढे येऊन ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एकटाच बसला. मागे गाडी लागते म्हणाला. आणि तिथून तो असा खुलला म्हणता! सगुणाच्या प्रत्येक शब्दाला हसू लागला. विनोद पुरा व्हायच्या आधी हसू लागला. लाडवांचा डबा फिरला, तो त्याने हातानेच नको म्हटलं आणि "सगुण, ती म्हशींची गजाल सांग, परत सांग" म्हणून मांडीवर थाप मारली. त्याला बघून सगुणाला गलबलून येत होतं. हा माणूस उद्या माझं तोंड बघणार नाही, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. बघूच नये त्याने. मी तरी कुठे बघितलं त्या मुकादमाचं?

डोंगराईच्या पायथ्याशी बस थांबली. नारळ, खण, तांदूळ, सगळं घेऊन मंडळी उतरली. सिद्धीचा मामा पुढच्या गावाहून आला होता, त्याच्या खांद्यावर ती बसली. क्षमाने पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि ती रडायलाच लागली. शांतारामकाका म्हणाले, "चल अनंता. गाऱ्हाणा तुका घालूचा आसा."

"काकानू, तुमीच घाला," अनंत बसच्या पायरीवरूनच म्हणाला. "माझो गुडघो धरलो. माका ह्यो पायऱ्यो चडवच्यो नाय."

"बाबा, उचलून नेतंय तुमका!" रुद्रेश पुढे आला.

"हात लावू नको!" अनंत गरजला. सगळे चमकले. मग तो नरम झाला. "दुखता रे. हात लावलो की जास्त दुखता. जावा तुमी. मुहूर्त टळता. क्षमा, जा बाय, सावकाश चड."

मंडळी वर गेली. गोकुळदास टायर बघायला मागे गेला. सगुण जागच्या जागी उभा राहिला. पहाटेच हा माणूस बसच्या टपावर चढून सामान बांधत होता. कसला गुडघा आणि कसलं काय.

"दादा," तो म्हणाला, "तुमका कळलां."

अनंतने मान हलवली. "निजली म्हणाली ना ती. सा म्हयने झाले सगुण, आईचो दिवसाचो डोळो मिटलो नाय. दुखण्यान कण्हत आसता. शांत निजली म्हणजे काय, ता माका कळाक नको?"

सगुण त्याच्या शेजारी पायरीवर टेकला. "मगे बस फिरव म्हणान कित्याक सांगलास नाय?"

"क्षमा टाळयो वाजवत होती रे." अनंतचा आवाज फाटला. "तिका बघलंय आणि तोंड उघडला नाय माजा. म्हणान केबिनीत येवन बसलंय. माका सुतक लागला, बाकीच्यांका लागता नये."

"मी तुमका फसयलंय दादा. तुमच्या आवशीचा..."

"तू काय फसवतलंस? मीच ऐकलंय. मी हसलंय." अनंतने गुडघ्यांत डोकं घातलं आणि तो रडला, तोंडात पंचाचा बोळा कोंबून, आवाज वर जाऊ नये म्हणून. सगुण त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. तो भावकीतला नव्हता, त्याला शिवायला हरकत नव्हती.

वर ढोल वाजला. अनंतने पंचाने तोंड पुसलं. "आता ऐक. घरा पावसर कोणाक कळता नये. अजून घाट उतरूचो आसा. क्षमाक घाटात धक्को बसलो तर कोण जबाबदार? येताना जसा केलंस तसाच कर."

"माज्यान होवचा नाय, दादा."

"माज्यानव होवचा नाय. पण तू बोल, मी हसतंय. दुसरो उपाय सांग आसलो तर."

सिद्धी खाली आली ती गुळगुळीत डोक्याने, हातात प्रसादाचा नारळ. सरळ आजोबांकडे धावली. "आजो, आ कर!" सुतकात प्रसाद कसा घेणार? अनंत मागे सरकला. सगुणाने मध्येच झडप घालून पोरीच्या हातातला तुकडा स्वतःच्या तोंडात घातला आणि माकडासारख्या उड्या मारल्या. सगळे हसले. काकांनी "हावरट मेलो!" म्हणून काठी उगारली.

परतीच्या वाटेवर फोन परत मागितले गेले. सगुण म्हणाला, उपास उंबऱ्यात सुटतो, वाटेत नाही. त्याचा घसा बसला होता. तरी तो बोलत होता, आणि केबिनमधून अनंत हसत होता, आणि त्या दोघांचं बघून बस हसत होती. क्षमाने आपल्या हाताने वाढून घेतलेले दोन लाडू खाल्ले आणि घाटात ती रुद्रेशच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. इतकी गाढ झोपली की वळणांवर रुद्रेशला तिला धरून ठेवावं लागलं. सगुणाने तेवढा वेळ माईक खाली केला आणि नुसत्या हातवाऱ्यांनी बाकीच्यांना हसवलं.

दिवेलागणीला बस हळर्णात शिरली. अनंत म्हणाला, "पुरे, सगुण." सगुणाने माईक बंद केला. पहाटेपासून पहिल्यांदा बसमध्ये शांतता झाली, आणि ती कुणालाच सोसेना. क्षमा जागी झाली. "सगुणमामा, गप कित्याक झालास?"

अनंत उठून उभा राहिला. "आई गेली. सकाळी गेली. तुमका आता सांगतंय."

पहिला ओरडा शांतारामकाकांचा. "सकाळी? आणि आमी सुतकात देवीची ओटी भरली? सगुण्या, तू सपान म्हणान..."

"काकानू, सुतक ऐकल्यावर लागता. तुमी ऐकूक नाय होतास. मी ऐकलेलंय, मी पायरी चडूक नाय. देवीक काय तो जाब मी देतलंय. ताका बोलू नकात."

काकांची काठी हातातून सुटली आणि ते लहान पोरासारखे "वयनी, वयनी" करून रडू लागले. क्षमाने दोन्ही हात पोटावर धरले होते. ती अनंतकडे बघत होती, मग सगुणाकडे. तिला एकेक आठवत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. आपण वाजवलेल्या टाळ्या आठवल्या तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

बस थांबली. पण कुणी उठेना. म्हणून सगुणच पहिला उतरला. घराचं दार बंद, ओटीवर दिवा नाही, खिडकीच्या फटीतून तेवढा समईचा उजेड. त्याने कडी वाजवली. दार बोटभर उघडलं. सकाळच्याच लुगड्यात रुक्मिणी उभी होती. ओठ पांढरे पडलेले, दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नसावा. तिने त्याच्या खांद्यावरून बसकडे पाहिलं.

"भरली ओटी?"

सगुणाने मान डोलावली. तिला तेवढं पुरेना. "तोंडान सांग रे माका. भरली?"

"भरली, वहिनी," तो कसाबसा म्हणाला. "जावळव काढला. सगळा झाला."

रुक्मिणीने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि सकाळपासून छातीत कोंडून ठेवलेला हंबरडा फोडला. तिच्या आवाजाने वाडीवरची दारं एकामागून एक उघडत गेली.